इंद्रभानचा चर

रिठदच्या चतुराबाईनं समुद्र पाहिला होता. ही गोष्ट माहीत नसलेला एक तरी माणूस गावात काढून दाखवा. द्वारकेच्या यात्रेला ती एकदा जाऊन आली काय, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही विषयाचं दावं तिनं समुद्राला नेऊन बांधलं होतं. लग्नात पंगतीला गर्दी झाली की ही म्हणणार, "हे कायची गर्दी बाप्पा? समिंदर पाह्यला असता तं समजलं असतं." वरणात मीठ जास्त पडलं की, "समिंदराचं पानी चाखलं हाय मी, त्याच्यापुढं हे काईच नाई." आणि हे सगळं कोणाला ऐकवायला? तर कुडाच्या भिंतीपलीकडच्या प्रयागबाईला.

प्रयागबाई काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "एवढ्या पान्यात मीठ टाकाले कोन बसलं होतं वं? तुहा बाप?" असं ती भिंतीवरूनच विचारायची. पण आतून तिला ते लागायचं. वावर म्हणा, बैल म्हणा, लेकरंबाळं म्हणा, सगळ्यात ती चतुराबाईला वरचढ होती. एवढा एक समुद्र तेवढा मध्ये येत होता.

त्यात यंदा पोळ्याच्या दिवशी बैलांना निवद दाखवायला जाताना प्रयागबाई ओट्यावरून घसरली आणि तिची कंबर धरली. वाशिमच्या डॉक्टरनं पाहिलं आणि चालायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. बाजेवर पडल्या पडल्या ती एक दिवस भिंतीकडे तोंड करून रडली. "आता काई मी समिंदर पाहत नाई. चतुरा जितली."

तिच्या मुलाला, इंद्रभानला, हे ऐकवेना. इंद्रभान तसा शांत माणूस, पण एका बाबतीत त्याला गर्व होता. त्याला पाण्याची वाट कळायची. कोणाच्या वावरात पाणी तुंबलं की रिठदात त्यालाच बोलावणं जायचं. तो धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा राहायचा, डोळे बारीक करायचा, कुदळीनं एक रेघ ओढायचा, आणि त्या रेघेवर चर खणला की पाणी निमूटपणे नाल्याला लागायचं. "पान्याले वाट दाखोली की पानी आयकते," तो म्हणायचा, "मानूस आयकत नाई." तर त्या दिवशी मायच्या डोळ्यांत पाणी पाहून या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "माय, तू कायजी नोको करू. मी तुले समिंदर दाखोतो."

कुडाच्या भिंतीला कान असतात असं म्हणतात. या भिंतीला तोंडही होतं. पलीकडून लगेच आवाज आला, "दाखो बाप्पा, दाखो! पन वापस आल्यावर तुयशीवर हात ठेवून सांगा लागीन हं. आजकाल लोक वाशिमले जातात अन् अकोला पाह्यला म्हन्तात!"

झालं. आता माघार कुठली?

जागेची सोय शाळेतल्या सावे मास्तरांनी केली. ते मूळचे पालघरकडचे. त्यांच्या चुलतभावाचं, जनूभाऊंचं, घर ऐन समुद्रकाठी होतं. मूग-उडीद घरात आला होता, कापूस फुटायला अवकाश होता, तेव्हा आश्विनातली पौर्णिमा गाठून परत यायचं ठरलं. वाशिमच्या जोशीबुवांनी पंचांग पाहून सांगितलं, "पहिलं दर्शन पौर्णिमेलाच घ्यावं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुपार टळली की प्रतिपदा लागते, मग पुण्य नाही." हे वाक्य प्रयागबाईनं जे पदराला गाठ मारून ठेवलं, ते पुढं सगळ्यांना नडलं.

मग सल्ले सुरू झाले. फुलचंद दुकानदार म्हणाला, तिकडचं पाणी पचत नाही, आपली घागर घेऊन जा. रामकिसन म्हणाला, समुद्राकडे पाहताना तोंडात कांदा धरावा, नाही तर चक्कर येते. कांदा कशाला, हे त्यालाही सांगता आलं नाही. पण सल्ला देणाऱ्याला कारण विचारायची रिठदात रीत नाही. आणि सगळ्यात मोठा सल्ला स्वतःच्या पायांनी चालत आला. प्रयागबाईचे धाकटे भाऊ बबनराव तरुणपणी कापसाच्या दलालाबरोबर एकदा मुंबईला गेले होते. ते पिशवी घेऊन दारात हजर. "माह्याशिवाय तुमी मुंबईत हरपसान," असं म्हणून ते बैलबंडीत पुढं बसलेसुद्धा.

इंद्रभान, त्याची बायको रुख्मिणी, मामा, घागर, ज्वारीच्या पिठाचं पोतं, आणि बाजेवर प्रयागबाई. बाज घेतली, कारण बाजेशिवाय तिला हलवता येत नव्हतं. वाशिमपर्यंत बंडी, वाशिमहून अकोल्यापर्यंत मोटार. तिथं बाज टपावर आणि प्रयागबाई आत. इथवर सगळं ठीक झालं. अकोल्याच्या स्टेशनवर मात्र एका बाबूनं बाज अडवली.

"ये क्या है?"

"बाज हाये जी. अन् वर माय हाये."

"वर माणूस असेल तर तो पेशंट. पेशंट असेल तर डॉक्टरचा दाखला. माणूस नसेल तर हे फर्निचर. फर्निचर असेल तर मालगाडी."

इंद्रभाननं हात जोडले. मामांनी मुंबई पाहिल्याचं सांगून पाहिलं. बाबू ढिम्म हलेना. तेव्हा बाजेवरून प्रयागबाईनंच तोंड उघडलं. "अन् मी मालगाडीत बसली तं चालीन का रे बाबू? मले फक्त पोचाचं हाये." बाबूला हसू फुटलं आणि त्यानं तोंड फिरवलं. तेवढ्यात हमालांनी प्रयागबाईला उचलून आत बसवलं आणि बाज उभी करून डब्यात घातली. घागर मात्र भुसावळच्या आधीच कोणाच्या तरी पायानं कलंडली आणि रिठदचं पाणी एका मारवाड्याच्या बिछान्यात जिरलं. त्यावरून जे बोलणं झालं ते इथं सांगत नाही.

दादरला गाडी बदलून पुढं निघाल्यावर रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसायला लागलं. प्रयागबाईनं झटकन पदर डोळ्यांवर ओढला. "पौर्निमा यायची हाये अजून! हाच का रे समिंदर?"

"नाई अक्का, हे खाडी होय," मामा म्हणाले.

"नक्की?"

"मी मुंबई पाह्यली हाये."

तरी तिनं पदर काढला नाही. उगाच जोखीम नको.

जनूभाऊंचं घर छान होतं. पुढं पडवी, पडवीपुढं खोलगट अंगण, अंगणापुढं केवड्यानं झाकलेला वाळूचा लांब बांध, आणि बांधापलीकडे तो. दिसत नव्हता, पण सारखा बोलत होता. जनूभाऊ उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं घर मोकळं करून दिलं आणि एकच गोष्ट सांगितली. "त्या बांधाला तेवढा हात लावू नका. आजोबांनी घातलेला आहे." का, ते त्यांनी सांगितलं नाही. ते कोणाला सांगावं लागतं, असं त्या समुद्रकाठच्या माणसाला वाटलंच नसेल.

पौर्णिमेच्या आधीचे दिवस असे काही सुरेख गेले की विचारू नका. ऊन कोवळं, वारा गार. रुख्मिणी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच शेण-पाण्यावाचून मोकळी होती. ती शिंपले वेचत लांबवर जायची आणि एकटीच हसायची. मामा समुद्रात उतरले आणि एका लाटेनं त्यांचं धोतर नेलं. ते केवड्याआडून हाका मारत बसले. इंद्रभान ओल्या वाळूत उभा राहून पाण्याकडे बघायचा. एवढं पाणी, आणि त्याला कुठं जायचंच नाही, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं.

आणि प्रयागबाई? ती पडवीत बाजेवर, समुद्राकडे पाठ करून. "माय, चार मानसं लावून तुले आत्ताच नेतो," इंद्रभान म्हणायचा. "पाऊस-पान्याचा भरवसा नाई."

"पौर्निमेले."

"पन आवाज तं आयकून राह्यली ना तू अक्का?" मामा म्हणाले.

"आयकाले मनाई नाई केली जोशीबुवानं."

कोजागिरीच्या संध्याकाळी पश्चिमेला ढग चढले, आणि मग हस्ताचा तो पाऊस आला. पागोळ्या धो धो लागल्या. चंद्राचा पत्ता नाही, दूध तसंच राहिलं. इंद्रभानला झोप कुठली? इथं एवढा पाऊस, तर रिठदात काय? बोंडं फुटायला आलेली, ती काळी पडतील. परतीची गाडी परवा रात्रीची, पुढं थांबायची सोय नाही. आणि माय! मायला उद्या दुपारच्या आत समुद्र दाखवला नाही, तर ती पुन्हा कधी इथं येणार? तुळशीवर हात ठेवून ती खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलली तर चतुराबाई तिला जगू देणार नाही. आपणच तिला एवढ्या लांब आणलं, आणि आपणच तिचं हसं करणार.

उजाडलं तेव्हा अंगणाचं तळं झालं होतं. पाणी पडवीच्या पायरीला लागलं होतं. बाज बाहेर काढायला जागाच नव्हती. जनूभाऊ पहाटेच कोर्टाच्या तारखेसाठी पालघरला निघाले होते. जाताना म्हणाले, "वाळू आहे, जिरेल. काही करू नका."

काही करू नका! तुंबलेल्या पाण्यापुढं इंद्रभानला हे सांगणं म्हणजे भुकेल्या बैलापुढं कडबा ठेवून खाऊ नको म्हणण्यासारखं. तो पडवीत येरझाऱ्या घालायला लागला. मग त्यानं डोळे बारीक केले. अंगण वर, बांधापलीकडचा किनारा खाली. समुद्र तर पार मागं गेलेला, लांबवर नुसती ओली वाळू. उतार असा सरळ की लहान पोराला दिसावा.

"मामा, फावडं कुठं हाये?"

"जनूभाऊनं बांधाले हात लावाचा नाई म्हनलं ना?"

आता धुऱ्याच्या बाबतीत इंद्रभान मोठा नेमाचा माणूस. दुसऱ्याचा धुरा फोडणं हे वऱ्हाडात पाप. त्यावरून डोकी फुटतात. पण धुऱ्यातून पाणी जायला हातभर वाट काढायची आणि नंतर बुजवून टाकायची, याला कुठलाच शेजारी नाही म्हणत नाही. "बांध फोडत नाई मी," तो म्हणाला, "फक्त पान्याले वाट देतो." आणि धोतराचा काचा मारून तो उतरला.

मामांनी छत्री धरली, स्वतःवर. इंद्रभान खणत होता आणि मामा वरून डावीकडे, उजवीकडे सांगत होते. शेजारच्या कोळीवस्तीतली माणसं बांधावर जमली. ती एकमेकांकडे बघून हसत होती. एकानं विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं हो?" इंद्रभान घाम पुसत म्हणाला, "कोनी सांगाले कायले लागते? आमच्या गावात हे माह्यंच काम हाये." त्यावर ती माणसं जास्तच हसली. इंद्रभानला वाटलं, कौतुक करताहेत.

शेवटचं ढेकूळ निघालं आणि अंगणातलं पाणी जे सुटलं! खळखळ करत चरातून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून समुद्राकडे. थोड्याच वेळात अंगण रिकामं. पाऊसही थांबला. इंद्रभान फावड्यावर टेकून उभा राहिला. "पान्याले वाट दाखोली की," त्यानं सुरुवात केली.

"पानी आयकते," रुख्मिणीनं चुलीपुढून पुरं केलं. "आता मानसाचं पाहा. आत्याबाईले घेऊन चला, येळ जाऊन राह्यला."

तो धावतच वस्तीत गेला. पण वस्तीतले गडी सगळे होड्या वर ओढण्यात गुंतलेले. आज काहीतरी मोठी घाई असावी. कोणी मान वर करेना. शेवटी मिनतवाऱ्या करून त्यानं तीन माणसं आणली. चौथा तो स्वतः. वाळू भिजून रुतायला लागली होती, हातावर बाज नेता येणं शक्य नव्हतं. एक गडी म्हणाला, "खांद्यावर घ्या."

प्रयागबाईनं हे ऐकलं आणि दोन्ही हातांनी पडवीचा खांब धरला.

"नाई."

"माय, असं काहून करतं?"

"बाजेवर निजून चार जनाइच्या खांद्यावर मानूस एकदाच जाते. मी आत्ता नाई जात."

"अवो, पन समिंदर पाहाले!"

"तेच तं! नदीकाठी नेतात तेच ना? लोकाइले समजन का मी मेली का पाहाले चालली? अन् मामा समोर चालीन, त्याच्या हातात मडकं द्या म्हनजे झालं!"

मामांनी घाईघाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. रुख्मिणीनं समजावलं, इंद्रभाननं पाय धरले. पाठीवर घेतो म्हणाला, पण कंबर वाकवताच प्रयागबाई कळवळली. गडी कंटाळून होड्यांकडे निघून गेले. सूर्य ढगाआडून माथ्यावर आला. प्रयागबाईनं खांब सोडला, भिंतीकडे तोंड केलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "जाऊ दे बाबू. माह्या नशिबात नव्हता तो. तू कायले रडतं?"

इंद्रभान खरंच रडत होता. चांगला जाणता माणूस, पडवीच्या पायरीवर बसून, तोंडाला उपरणं लावून. रुख्मिणीला त्याची दया आली आणि रागही आला. "अख्ख्या मुलखाच्या पान्याले वाट दाखोता तुमी," ती म्हणाली, "अन् एका बुढीले समिंदरापर्यंत वाट सापडली नाई तुमाले."

हे वर्मी लागलं. उत्तर द्यायला म्हणून त्यानं तोंड वर केलं, आणि त्याला अंगणात एक खेकडा दिसला.

खेकडा चरातून वर आला होता. त्याच्यामागून फेसाची एक पांढरी रेघ आली, थांबली, मागं गेली, पुन्हा आली. या वेळी आणखी पुढं. चरात सकाळी पडलेली केवड्याची पात त्यानं पाहिली. ती वर येत होती. पाणी चढाला लागलं होतं! इंद्रभाननं डोळे चोळले. त्याच्या आजवरच्या आयुष्यात नाल्याला लागलेलं पाणी वावरात परत आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"मामा! हे पानी वापस कायले येऊन राह्यलं?"

मुंबई पाहिलेले मामा केव्हाच घरातल्या माळ्यावर चढले होते.

इंद्रभान फावडं घेऊन धावला. चरात वाळू लोटली, ती वाहून गेली. बसायचा पाट आडवा धरला, पाट गेला. मामांची छत्री उघडून लावली, ती उलटी होऊन तरंगायला लागली. शेवटी ज्वारीच्या पिठाचं पोतं आणून टाकलं. सगळ्या चराची आंबील झाली आणि समुद्र तिच्यासकट आत आला. बांधावरची माणसं आता हसत नव्हती, ओरडत होती. "उधाण आहे, उधाण! पौर्णिमेचं उधाण!" अंगण भरलं. पायरी बुडाली. एक लांब लाट चरातून सरळ चालत आली, पडवीत चढली आणि बाजेखाली शिरली.

आणि प्रयागबाईनं किंकाळी फोडली.

"माय!" इंद्रभान पाण्यातून धडपडत पडवीकडे धावला. बुडाली, गेली, मीच मारली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पडवीत येऊन बघतो तर प्रयागबाई बाजेच्या कडेला उठून बसलेली, दोन्ही पाय खाली सोडलेले. पाणी घोट्याच्या वर. तिनं ओंजळ बुडवली, तोंडाला लावली, आणि तोंड वाकडं केलं.

"खारट हाय रे!" ती म्हणाली. "चतुरा खरं बोलत होती, मेली!"

मग तिचा आवाज एकदम बदलला. "रुख्मिणी, हयदी-कुकू आन. नारय आन. अवं लवकर आन, दुपार टयून राह्यली! तांब्या भरून घे आधी." रुख्मिणी गुडघाभर पाण्यातून कुंकवाचा करंडा घेऊन आली. प्रयागबाईनं बाजेवर बसूनच हळदीकुंकू वाहिलं, पाण्यावर नारळ सोडला. नारळ पडवीभर फिरला आणि परत तिच्या पायाशी येऊन लागला. "आला गं माय," ती दोन्ही हात जोडून म्हणाली, "एवढा मोठा, अन् माह्या बाजेपाशी आला." आता तीही रडत होती. इंद्रभान पाण्यात उभा होता. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून तो दोन्ही करत होता.

जनूभाऊ संध्याकाळी परतले तेव्हा समुद्र जसा आला तसा निघून गेला होता. अंगणात फेस, शेवाळ, मामांची छत्री आणि तडफडणारे दोन-चार मासे. विहिरीला कठडा उंच होता म्हणून ती वाचली. जनूभाऊंनी बांधातली फट पाहिली, इंद्रभानकडे पाहिलं, आणि कमी बोलणारा तो माणूस जेवणवेळ होईपर्यंत बोलत होता. इंद्रभाननं खाली मान घालून सगळं ऐकलं. दुसरा अख्खा दिवस तो बांध बुजवत होता. दुपारी त्यानं मायला विचारलं, "आज खुर्चीवर नेऊ का? खुर्ची भेटली हाये. सारा समिंदर दिसन."

"नोको," प्रयागबाई म्हणाली. "पाहुना येऊन गेला. आता त्याच्या मांगं मांगं जायाचं नसते."

रिठदात पोचायच्या आधी बातमी पोचली, कारण मामा वाशिमलाच पुढच्या बंडीत बसले होते. त्या वर्षीपासून कोणाच्या वावरात पाणी तुंबलं की लोक इंद्रभानला बोलावीत खरे, पण कुदळ हातात देण्याआधी विचारीत, "दादा, हे पानी जाईनच ना? वापस येनार तं नाई?" इंद्रभान मग उतार पुन्हा एकदा बघून घेई.

पण ते नंतरचं. आल्या दिवशीच प्रयागबाईनं बाज तुळशीपाशी ठेवायला लावली. अर्धी आळी जमली. चतुराबाई कमरेवर हात ठेवून पुढं उभी. इंद्रभानचा जीव खालीवर होत होता, कारण मायनं पाहिलं होतं ते पडवीएवढं पाणी. समुद्र असा तिनं पाहिलाच नव्हता, आणि ती खोटं बोलणार नव्हती.

"ठेव हात," चतुराबाई म्हणाली. प्रयागबाईनं तुळशीवर हात ठेवला.

"पानी कसं होतं?"

"खारट. तुहं खरं होतं ते."

चतुराबाई जरा वरमली. हे तिला अपेक्षित नव्हतं. मग तिनं नेमका घाव घातला. "अन् केवढा होता वं समिंदर? सांग सगळ्याइले."

इंद्रभाननं डोळे मिटून घेतले.

"ते मले नाई ठाऊक," प्रयागबाई तुळशीवरचा हात न काढता म्हणाली. "तू त्याले पाहाले गेली होती चतुरा, तुले ठाऊक असन. मी नाई गेली. तो मले पाहाले आला होता."

चतुराबाईनं कमरेवरचे हात काढले. मग ती बाजेच्या कडेला टेकली, कनवटीचा पानाचा बटवा सोडला आणि प्रयागबाईपुढं धरला. "सांग मंग," ती म्हणाली, "कसा आला ते पहिल्यापासून सांग."